अमेरिकेत पोलीस व्हायला सगळ्या राज्यांत एकच ट्रेनिंग असतं का? आणि एकदा काढलेला पोलीस दुसरीकडे परत लागू शकतो का?

पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं दुर्दैवाने हो.

तिकडे साधारण १८ हजार पोलीस खाती आहेत, काही तर चार-पाच माणसांची, आणि ट्रेनिंग किती नि सर्टिफिकेट कोणाला हे ज्याचं त्याचं राज्य ठरवतं. त्यासाठी राज्याचं बोर्ड किंवा कमिशन असतं, बऱ्याच ठिकाणी त्याला पोस्ट म्हणतात, म्हणजे पीस ऑफिसर स्टँडर्ड्स अँड ट्रेनिंग. कॅलिफोर्नियात ते १९५९ पासून आहे, हवाईत मात्र असं बोर्ड व्हायला २०१८ उजाडलं!

कॅलिफोर्नियात अकॅडमीचे निदान ६६४ तास, बहुतेक अकॅडम्या त्याहून जास्तच घेतात. यावर लोक लगेच सुनावतात की तिथे ब्युटी पार्लरच्या लायसन्सला १००० तास लागतात, आकडा बरोबर आहे पण हिशोब अर्धवट, कारण अकॅडमीनंतर किमान १० आठवडे सिनियरच्या हाताखाली फील्ड ट्रेनिंग असतं आणि वर प्रोबेशन, ते कोणी धरतच नाही.

माझं म्हणाल तर तासांवरून भांडण्यात फार अर्थ नाही, खरी मेख तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. नोकरी देणारं आणि काढणारं खातं, पण सर्टिफिकेट राज्याचं. म्हणजे खात्याने काढलं, किंवा काढायच्या आत गड्याने स्वतःच राजीनामा दिला, तरी राज्याने काही केलं नाही तर सर्टिफिकेट शाबूत आणि तो शेजारच्या गावात अर्ज टाकायला मोकळा. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात २०१४ मध्ये १२ वर्षांच्या तमीर राईसला (हातात खेळण्यातली बंदूक होती हो त्याच्या) गोळी घालणारा पोलीस आधी एका छोट्या खात्यात होता, तो या कामाला लायक नाही असं तिथल्या वरिष्ठांनी फाइलमध्ये लिहून ठेवलेलं, तो राजीनामा देऊन निघाला आणि क्लीव्हलँडने ती फाइल बघितलीच नाही. २०१७ मध्ये त्याला काढलं तेही गोळीबारासाठी नाही, नोकरीच्या अर्जात खोटी माहिती दिली म्हणून.

कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर कित्येक वर्षं बोर्डाला गैरवर्तनासाठी सर्टिफिकेट काढून घ्यायची पॉवरच नव्हती, २०२१ च्या एसबी २ कायद्याने ती दिली आणि २०२३ पासून प्रत्यक्ष कारवाई सुरू झाली. राज्याबाहेर पळालेल्यांसाठी नॅशनल डिसर्टिफिकेशन इंडेक्स नावाची, म्हणजे सर्टिफिकेट गेलेल्या पोलिसांची देशभराची यादी आहे, पण त्यात नाव यायला आधी राज्याने कारवाई करायला हवी, नुसत्या राजीनाम्याने येत नाही, आणि यादी चाळायची की नाही हे बऱ्याच ठिकाणी शेवटी भरती करणाऱ्यावर.