वाचकांचे प्रश्न: फॉर्म्युला एकच, मग मेल्टिंग पॉइंट दोन कसे?

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे. क्लासमध्ये सांगितलं की स्टिरिओआयसोमर्सचे (म्हणजे अणू आणि जोडणी तीच, फक्त जागेतली मांडणी वेगळी) फिजिकल गुणधर्म सेमच असतात, फक्त पोलराइज्ड लाइट एक डावीकडे वळवतो नि दुसरा उजवीकडे. मग अशीच जोडी असलेलं मॅलेइक ॲसिड १३५ अंशांच्या आसपास वितळतं आणि फ्युमॅरिक २८७ ला, हे कसं काय?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: अगं, सरांचं वाक्य अर्धंच तुझ्यापर्यंत पोचलंय. ते लागू होतं एनॅन्शिओमर्सना, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेल्या जोडीला. मॅलेइक आणि फ्युमॅरिक आरशासमोर धर, एकाचं दुसरं होतच नाही, ते डायस्टिरिओमर्स, त्यामुळे त्यांचे गुणधर्म वेगळे असणारच. मॅलेइकमध्ये दोन्ही ॲसिड ग्रुप एकाच बाजूला (याला सिस म्हणतात), मग ते आपसातच हायड्रोजन बाँड करून बसतात, शेजारच्या रेणूला धरायला हात कमी उरतात. फ्युमॅरिकमध्ये ते विरुद्ध बाजूंना (म्हणजे ट्रान्स), रेणू सरळ, शेजाऱ्यांना घट्ट धरून रांगेत बसतो, म्हणून तो वितळायलाही हट्टी आणि विरघळायलाही. १०० मिली पाण्यात फ्युमॅरिक जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम जातं, मॅलेइक ४० ग्रॅमच्या वर सहज.

पण यावरून 'ट्रान्सचं सगळंच जास्त' असं पाठ करू नकोस हं, पेपरात हमखास फसतात. १,२-डायक्लोरोइथिन बघ, सिस ६० अंशांना उकळतं, ट्रान्स ४८ लाच, कारण ट्रान्समध्ये दोन क्लोरीनची ओढ एकमेकांना काटते आणि डायपोल (रेणूच्या दोन टोकांतला विद्युतभाराचा फरक) शून्य होतो. मेल्टिंगला मात्र उलटं, सिस उणे ८० आणि ट्रान्स उणे ५०. उकळताना ओढ बघायची, वितळताना रचना.

आता खरी गंमत. चिंचेतलं टार्टरिक ॲसिड घे. त्याची आरशातली जोडी म्हणजे उजवं आणि डावं रूप; उजवं एकटं किंवा डावं एकटं, दोन्ही १७० च्या आसपास वितळतात. दोन्ही समसमान मिसळून स्फटिक केलेस तर २०६! बुटांच्या खोक्यात डावा-उजवा उलटसुलट ठेवले की कसे चपखल बसतात, दोन्ही डावे कोंबून बघ, तसंच काहीसं. म्हणजे सरांच्या 'सेम' मध्येसुद्धा एक अट आहे, एकेकटे असतील तरच. १८४८ मध्ये पाश्चरने याच ॲसिडच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने वेचून वेगळे केले, तिथे सुदैवाने दोघं वेगवेगळ्या स्फटिकांत बसले होते, नाहीतर चिमटा घेऊन काय करणार होता बिचारा.