समावेश, समावेशन की समावेशकता?

प्रश्न असा आलाय की विद्यापीठांबद्दलच्या लेखात 'डायव्हर्सिटी अँड इन्क्लूजन'ला 'विविधता आणि समावेश' म्हटलं तर चालेल का, की समावेशन, समावेशकता असलं काही लागेल.

विविधतेबद्दल भांडण नाही, ठेवा. घोळ आहे तो समावेशचा. मराठीत समावेश बहुतेक वेळा यादीत होतो, अमक्याचा संघात समावेश, तमक्या धड्याचा अभ्यासक्रमात समावेश, म्हणजे नाव घातलं की काम झालं. गंमत म्हणजे प्रवेश आणि समावेश दोन्ही एकाच 'विश्' धातूचे, विश् म्हणजे आत शिरणे. पण नुसतं आत शिरून भागत नाही हे समाजशास्त्राच्या सुरुवातीच्या मंडळींनी स्वतःच भोगलंय. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस, १८९५ साली हार्वर्डची पीएचडी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय, त्यांनी नंतर लिहून ठेवलंय की मी हार्वर्डमधे होतो पण हार्वर्डचा नव्हतो. एक 'मधे' आणि एक 'चा', झालं, तुमचा अख्खा लेख त्यात आला! गेऑर्ग झिमेल बर्लिनला १८८५ पासून शिकवत होते, व्याख्यानांना गर्दी व्हायची, पण घराणं मूळचं ज्यू, त्यामुळे पूर्ण प्राध्यापकपद मिळालं ते थेट १९१४ ला आणि तेही बर्लिनपासून दूर, सीमेवरच्या स्ट्रासबुर्गला. मधे १९०८ साली त्यांनी 'परका' या माणसावर लिहिलं, गटात राहतो तरी पुरता गटाचा होत नाही असा, आता हे कुठून सुचलं असेल वेगळं सांगायला नको.

तर समावेश म्हणजे झालेली गोष्ट, समावेशन म्हणजे चालू असलेली क्रिया, म्हणून धोरणाच्या नावाला समावेशन बरं. समावेशकता हा संस्थेचा गुण झाला. सर्वसमावेशकता जाहीरनाम्यांनी पार झिजवलाय, सोडा.

मजकुरात मात्र मी 'सामावून घेणं' लिहीन, त्यात 'मावणं' ऐकू येतं आणि मावायचं तर आधी जागा करावी लागते, शिवाय 'घेणं' असल्यामुळे ते काम सामावून घेणाऱ्याच्या, म्हणजे संस्थेच्या, गळ्यात पडतं. खोच एवढीच की समुद्रात नदी सामावली की नदी दिसत नाही, मग विविधता कुठे राहिली? तिथे शब्द शोधत बसू नका, 'वेगळेपण न सोडता' असं सरळ जोडून द्या.

आणि ते 'समावेशी' हिंदीतून आलंय, आपल्याकडे समावेशक आहे की.