गोव्यात फोंड्याजवळ जुनं कौलारू घर घेतलंय, घराला आणि परिसराला शोभेल असा रंग आणि सजावट कशी निवडू?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण अगदी हाच घोळ आम्हीही घालून बसलोय. तुम्ही लिहिलंय की समोर माड आणि फणस आहेत, आत तांबडी जमीन आहे, बायकोला इन्स्टावरचं ग्रे-व्हाइट हवंय, वडील म्हणतात सरळ पिवळा मारा आणि पेंटर म्हणतो पणजीतल्या फोंतैनाससारखा (ती जुन्या रंगीत घरांची वस्ती) गडद निळा देऊ. तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत, म्हणून तर भांडण मिटत नाही.

आधी माझं सांगते. माहेर सांगलीचं, सासर माशेल, सतरा वर्षं झाली इथे येऊन. मी इंटिरिअरवाली वगैरे नाही, शाळेत शिकवते, पण हे घर मी दोनदा रंगवून घेतलंय, एकदा हौसेने आणि एकदा ती हौस पुसायला.

तर पहिल्या वेळी मीपण ग्रेच घेतला होता. मे महिन्यात, भर दुपारी दुकानाच्या दारात उभं राहून शेड कार्ड बघितलं, इतका शांत आणि भारी वाटला की दुसरं पान उलटलंच नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि मग कळलं. बाहेर आभाळ ग्रे, आत भिंत ग्रे, माडांमुळे खिडकीतून येणारा उजेड हिरवट, आणि तो हिरवा त्या ग्रेवर पडला की भिंतीला शेवाळ धरल्यासारखं दिसायचं. दुपारी तीनला ट्यूब लावायला लागायची. सासूबाई ओसरीवरून आत आल्या, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गो, हो रंग पळोवन म्हाका थंडी भरली," म्हणजे रंग बघूनच थंडी वाजली. विषय संपला.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, गोव्यात रंग उन्हात बघून ठरवू नका, पावसात बघून ठरवा. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे वर्षातले चार महिने तुम्ही घरात बसून त्याच भिंती बघणार आहात, आणि चवथही (गणेश चतुर्थी) त्यातच येते, पाहुणेही तेव्हाच येतात. इन्स्टावरचे ते ग्रे फ्लॅट दहाव्या मजल्यावरचे असतात, मोठ्या काचा, समोर मोकळं आभाळ. आपल्या घराला खाली उतरलेली कौलं, त्यात ओसरी, त्यात झाडं, उजेड आत पोचेपर्यंत अर्धा होतो. तिथे ग्रे मरतो, निळसर पांढराही हॉस्पिटलसारखा दिसतो. ज्यात किंचित पिवळा किंवा किंचित गेरूची झाक आहे तो पांढरा घ्या, म्हणजे दुधाच्या सायीचा रंग असतो ना, त्याच्या आसपास.

पांढऱ्यात झाक कुठली आहे ते शेड कार्डवर नुसतं बघून कळत नाही, त्यासाठी साधा झेरॉक्सचा कागद शेजारी धरायचा. लगेच दिसतं की हा गुलाबी मारतोय, हा निळा, हा पिवळा. आणि भिंतीवर डायरेक्ट पट्टे मारून घेऊ नका, जुना रंग बाजूला असला की डोळा फसतो. छोटी डबी आणा, जाड पुठ्ठ्यावर दोन कोट द्या आणि तो पुठ्ठा आठवडाभर घरात फिरवा, सकाळी खिडकीशेजारी, दुपारी कोपऱ्यात, रात्री दिव्याखाली. आम्ही दुसऱ्या वेळी पाच पुठ्ठे केले होते, मुलगी त्यांना आमचे पाहुणे म्हणायची, कधी फ्रीजला टेकलेले तर कधी देवघराशी. त्यातला कार्डवर सगळ्यात बावळट वाटलेला रंगच शेवटी लागला.

दिव्याचं पण बघा हं, हे कोणीच सांगत नाही. ६५०० केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप) पांढऱ्याफेक ट्यूबखाली कुठलाही उबदार रंग आजारी दिसतो. ओसरी आणि हॉलमध्ये २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर बल्ब लावून बघा, स्वयंपाकघरात ४०००. मग ठरवा रंग. आमच्या हॉलचा अर्धा प्रॉब्लेम तीन बल्ब बदलून गेला असता, पण तेव्हा अक्कल कुठे होती.

आता वडिलांचा पिवळा आणि पेंटरचा निळा, हे बाहेरच्या भिंतीचं. फोंतैनासमध्ये जाऊन आलात की सगळ्यांना तसंच करावंसं वाटतं. पोर्तुगीज काळात पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला असायचा म्हणून घरं रंगीत, असं पणजीत कोणीही सांगेल. पण तिथे पुढच्या वेळी गेलात की रंग सोडून पांढऱ्या पट्ट्या बघा. दारं, खिडक्या, कोपरे, छपराखालची पट्टी, सगळीकडे पांढरी किनार आहे, त्या किनारीमुळे तो गडद निळा किंवा पिवळा अंगावर येत नाही. शिवाय गल्ली अरुंद, घराला घर चिकटलेलं, एकाचा रंग दुसऱ्याला सांभाळून घेतो. तुमचं घर झाडांत एकटं उभं आहे, तिथे चारही भिंती तसल्या निळ्या केल्या तर लांबून पाण्याची टाकी वाटेल (माफ करा, पण आमच्याकडे रस्त्याला असं एक घर आहे, बसमधून उतरणारे लोक त्याचा पत्ता म्हणून वापर करतात). हिरव्यात पिवळा जास्त खुलतो, पण लिंबाचा नको, मातकट पिवळा, जुन्या घरांना असतो तो. म्हणजे एका मार्काने वडील जिंकले.

आणि आपल्या मातीचा विचार करा. पावसाच्या धारा पागोळीतून पडतात आणि तांबड्या चिखलाचे शिंतोडे भिंतीवर दीड-दोन फूट उडतात. जुने लोक जोत्याला गडद पट्टा उगीच नाही मारायचे. खालचा तेवढा भाग गेरू किंवा विटकरी करा, तो चिखल त्यात मिसळून जातो, नाहीतर दिवाळीपर्यंत नव्या पांढऱ्या भिंतीला तांबडी झालर लागलेली असते, धुतली तरी जात नाही.

तांबडा आणि पांढरा हा तर आपल्याकडचा जुनाच जोड आहे. काव म्हणजे तांबडी माती, त्यावरून कावी कला. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर कावेचा थर द्यायचा आणि ओला असतानाच खरवडून नक्षी काढायची, खालचा पांढरा दिसतो. गोव्यातल्या आणि कोकणातल्या काही जुन्या देवळांवर अजून आहे. दोनच रंग, पण किती श्रीमंत दिसतं. आमच्या देवघराच्या चौकटीभोवती मी तसली एक वीतभर पट्टी काढून घेतली, खरी कावी नाही, साधा रंगच, पण घरात येणारा प्रत्येक जण तिथे थांबतो.

रंगापेक्षा मोठी गोष्ट आता सांगते, भिंत कशाची आहे? जुनं घर म्हणजे बहुतेक चिरे (जांभा दगड), मातीचा जोड आणि वर चुन्याचा गिलावा. चिरा पाणी पितो आणि हळूहळू सोडतो, चुना त्याला श्वास घेऊ देतो. त्यावर तुम्ही सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिकसारखा चकचकीत पेंट मारला की ओल आत अडकते आणि मग पोपडे सुटतात, खार फुटतो, पुट्टी हातात येते. आमच्या मागच्या खोलीत असंच झालं, ठेकेदाराने सांगितलं वॉटरप्रूफिंग करून देतो, दोन पावसाळ्यांत भिंत पापडासारखी फुगली. शेवटी सगळं खरवडून चुन्याचा गिलावा परत केला, चुन्यातच थोडा पिवळा रंग घालून सफेदी केली. दर दोनेक वर्षांनी हात फिरवावा लागतो, स्वस्त पडतो, आणि त्या भिंतीला जी मऊ चमक येते ती डब्यातल्या कुठल्याच पेंटला नाही. तुमची भिंत जुन्या चुन्याची असेल तर ती तशीच ठेवा एवढं माझं ऐका. आणि ओल असेल तर आधी कौलं आणि पन्हाळी बघा, रंगाने ओल झाकली जात नाही, चार महिने उशीर होतो फक्त. पावसाळा संपल्या संपल्या काम काढू नका, भिंतीला सुकायला दोन-तीन महिने द्या.

चिरे उघडे ठेवायची फॅशन आहे सध्या, तुमच्या आर्किटेक्टनेही सुचवलंय म्हणता. जुन्या गोव्याचं बॉम जेझूस आठवा, तांबडं उघडं दगडी चर्च म्हणून आपण फोटो काढतो, पण १६०५ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीला गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढला गेला. आता उघड्या चिऱ्याची पावसाने झीज होते म्हणून गिलावा परत करावा का यावर चर्चा चालते. म्हणजे तिथे ही गत, तर आपल्या पश्चिमेच्या भिंतीचं काय. आत एखादी भिंत उघडी ठेवा, छान दिसते, पण तिच्याखाली पलंग नको, लाल धूळ झडत राहते.

सामानाचं थोडक्यात. ते ६०-३०-१० वालं गणित वाचलंच असेल, ६० टक्के मुख्य रंग, ३० दुसरा, १० चमचमीत. ठीक आहे, पण तुमच्याकडे तांबडी जमीन आणि कौलं आधीपासून आहेत, म्हणजे तीस टक्के तर घरानेच भरून ठेवलेत. त्या जमिनीवर टाइल्स नको हो घालू, मेण लावून पुसून घ्या. लाकूड जुनं असेल तर तपकिरी तेलपाणी करा, दारं रंगवू नका. प्लायवूडसारखं दिसणारं स्वस्त बोर्डाचं टीव्ही युनिट आणलं होतं आम्ही, दुसऱ्या पावसात खालून फुगून दार लागेना. गालिचे आणि जाड मखमली पडदे ऑगस्टमध्ये ओल्या कुत्र्यासारखा वास मारतात. सुती पडदे घ्या, दोन जोड, एक वाळत आणि एक लटकत.

रंगीत काय हवं ते छोट्या वस्तूंत आणा. कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचे (लाकडी वस्तू रंगवणारे कारागीर) रंगीत पाट, डिचोलीची मातीची भांडी, कुणबी साडीचं लाल चौकडीचं कापड (फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी परत चर्चेत आणलं ते) त्याच्या उश्यांच्या खोळी. मी एकच चौकडी खोळ केली आणि तांबड्या जमिनीशी असं काही जमलं की उरलेल्या चार त्याच आठवड्यात शिवल्या. जमलं तर एकदा तोर्ड्याला हाउसेस ऑफ गोवा म्युझियम बघून या, आर्किटेक्ट जेरार्ड दा कुन्हा यांचं आहे, पर्वरीपासून लांब नाही. बायकोला घेऊन जा, काचेऐवजी शिंपले लावलेल्या खिडक्यांतून येणारा उजेड बघितला की ग्रेचा हट्ट आपोआप ढिला पडेल, माझा पडला होता.

शेवटचं एक, हॉलला फॉल्स सीलिंग करणार असाल तर करायच्या आधी माटोळी (चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट) कुठे बांधणार ते ठरवा. आमच्या शेजाऱ्यांनी मार्चमध्ये झकास पीओपी करून घेतलं, लपवलेल्या लाइट वगैरे, आणि चवथीच्या आदल्या दिवशी हातात माटोळीची चौकट घेऊन वर बघत उभे, वासे सगळे आत गेलेले. रात्री मंडपवाल्याकडून दोन लोखंडी स्टँड आणले, त्यावर नारळ, सुपाऱ्या, कांगले (रानातली फळं) बांधले, आणि दरवर्षी अजून तेच स्टँड भाड्याने आणतात.