चपलांचा किस्सा नक्की कोणाचा?

प्रश्न : ताई, माझा स्वभाव जरा सिरियस आहे, छोट्या छोट्या गोष्टींचं टेन्शन येतं. मिस्टर एकदम उलट, त्यांना सगळ्यातच गंमत दिसते. परवा घाईघाईत मी एका पायात काळी आणि एका पायात ब्राऊन चप्पल घालून ऑफिसला गेले, दुपारपर्यंत लक्षातच आलं नाही. ह्यांनी तो किस्सा पाहुण्यांसमोर तिखटमीठ लावून सांगितला, सगळे खो खो हसले आणि मी उठून आत गेले. आता म्हणतात तुला सेन्स ऑफ ह्यूमरच नाही. खरंच नाहीये का मला? शिकता येतो का तो?

उत्तर : शिकता येतो की! पण आधी एक सांगते, तुम्ही उठून आत गेलात त्यात तुमचं काहीही चुकलं नाही. रॉड मार्टिन या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर २००३ मध्ये विनोदाचे ४ प्रकार मांडले. एक माणसं जोडणारा, दुसरा अडचणीत स्वतःला सावरणारा, तिसरा दुसऱ्याला टोचणारा आणि चौथा स्वतःलाच कमी लेखून लोकांना हसवणारा. तुमच्या मिस्टरांच्या मनात वाईट नसेलही, पण तुम्हाला न विचारता पाहुण्यांसमोर तुमची फजिती सांगणं हा तिसराच प्रकार झाला, आणि त्यावर हसू आलं नाही म्हणजे ह्यूमर नाही असं अजिबात नसतं. हे त्यांना शांतपणे सांगा, भांडणात नको, एखाद्या निवांत वेळी. "माझी फजिती मला सांगू दे, मग तूही हस" एवढं पुरे.

आता तुमच्याबद्दल. तोच किस्सा तुम्ही स्वतः ऑफिसात मैत्रिणीला सांगितला असता, की अगं मी दुपारपर्यंत अशीच फिरले, बॉसच्या केबिनमध्येसुद्धा जाऊन आले आणि कोणी काही बोललं नाही, तर तुम्हीच आधी हसला असतात बघा. हा झाला तो दुसरा प्रकार आणि मला विचाराल तर रोजच्या आयुष्यात खरा उपयोगी पडतो तो हाच. त्यासाठी जोक पाठ करायला लागत नाहीत. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या संशोधकांनी लोकांच्या साध्या गप्पांमधल्या सुमारे १२०० हसण्याच्या नोंदी केल्या, तर हसू यायच्या आधीचं वाक्य जेमतेम १० ते २० टक्के वेळाच विनोदी होतं, बाकी सगळं "बरं चल, भेटू" टाइप. म्हणजे माणसं मुख्यतः सोबत असल्यामुळे हसतात. म्हणून सुरुवात अशी करा, दिवसात काही फजिती झाली की ती मनात घोळवत न बसता त्याच दिवशी आपल्या माणसाला सांगून टाका, सगळ्या बारीकसारीक डिटेल्ससकट. पहिल्यांदा सांगताना थोडी चिडचिड होईलच, होऊ दे. आणि जे खरंच गंभीर आहे, पैशाची अडचण, आजारपण, त्यावर कोणी हसायला लावत असेल तर स्पष्ट नाही म्हणा.

प्रश्न : बाबा जाऊन काही महिने झाले. पासवर्ड विसरू नये म्हणून ते चिठ्ठी लिहायचे आणि ती कुठे ठेवली याची दुसरी चिठ्ठी! काल तशी एक सापडली, आम्ही भावंडं पोट धरून हसलो. आईला ते आवडलं नाही. आमचं चुकलं का?

उत्तर : नाही हो, मुळीच नाही. केल्टनर आणि बोनॅनो यांचा १९९७ चा अभ्यास आहे, जोडीदार गेल्यावर साधारण ६ महिन्यांनी त्या माणसाबद्दल बोलताना जे मनापासून हसू शकले त्यांना त्रास कमी होत होता आणि नातीही बरी होती. पण आईचा तर जोडीदारच गेलाय, तिला अजून हसू येत नसेल तर तिला आग्रह करू नका, तिच्यासमोर जरा सांभाळून घ्या. चिठ्ठी मात्र टाकू नका, एखाद दिवशी तीच मागेल.