कोल्ट १८६० आर्मी की रेमिंग्टन १८५८: काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरांत रचना कोणाची सरस?

मजबुतीसाठी रेमिंग्टन, हातातल्या तोलासाठी कोल्ट. एकच निवडायचे तर मी रेमिंग्टन घेईन. दोन्ही .४४ कॅलिबरची (नळीचा व्यास साधारण ०.४४ इंच), सहा बारांची, अमेरिकन यादवीत सरकारने प्रत्येकी लाखाच्या वर खरेदी केलेली. खरा फरक सांगाड्यात आहे. कोल्टच्या सिलिंडरवर, म्हणजे बार भरलेल्या फिरत्या नळकांड्यावर, सांगाडा वरून जोडणारी पट्टीच नाही. नळी एका आडव्या पाचरीने आसाला, म्हणजे सिलिंडर ज्यावर फिरते त्या दांड्याला, जखडलेली असते. नेमाची मागची खाच चक्क घोड्यावर (बारावर आपटणाऱ्या हातोडीवर), म्हणजे घोडा चढवल्याशिवाय नेम धरताच येत नाही. आणि बार पेटवणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीचा फुटलेला तुकडा घोड्याच्या फटीत पडला की सगळे अडकते. रेमिंग्टनला वर अखंड पट्टी, खाच तिच्यातच. घोडा अर्धा चढवा, ठासणीचा (गोळी आत दाबायचा) दांडा खाली करा, आस पुढे ओढा, की सिलिंडर बाजूने बाहेर. मात्र तिच्या बारीक, गुळगुळीत आसावर काजळी लवकर बसते आणि थोड्याच बारांत सिलिंडर जड फिरू लागते. कोल्टच्या जाड आसावर ग्रीस धरणाऱ्या खाचा असल्याने तिचे सिलिंडर जास्त वेळ मोकळे फिरते. (१८५८ हे पेटंटचे साल, नळीवर कोरलेले; ‘न्यू मॉडेल आर्मी’ प्रत्यक्षात १८६३ पासूनचे.)