सोसायटीखालच्या किराणा दुकानाची बिअर शॉपी होणार असेल तर रहिवाशांनी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत तुमच्या बिल्डिंगखालच्या किराणावाल्याला बिअर शॉपीचा परवाना हवाय. त्याने सोसायटीकडे एनओसी मागितली आहे. बहुतेक घरांचा विरोध आहे, पण कमिटीतले दोघं म्हणतात, गाळा त्याचा, आपण कोण अडवणार?

अडवता येतं. पण आत्ता, परवाना निघायच्या आधी. मी कोपरखैरण्यात राहते, आमच्या सोसायटीची सात वर्षं सेक्रेटरी होते. माझ्यावर ही वेळ दोनदा आली आणि पहिल्यांदा आम्ही हरलो.

तेव्हा दुकान समोरच्या बिल्डिंगमध्ये होतं. गाळ्यात फर्निचरचं काम चालू होतं, आम्हाला वाटलं मोबाईलचं दुकान असेल. टेम्पोतून काचेच्या दाराचे फ्रीज उतरले तेव्हा कळलं. दुकानदार शटरच्या आत नियमाने वागायचा, हे कबूल करायला हवं. त्रास होता तो शटरच्या बाहेरचा. सात वाजले की आमच्या मागच्या गल्लीत पोरं बाईकवर बसून प्यायची. सकाळी जिन्याखाली प्लास्टिकचे ग्लास, चखण्याच्या पुड्या, भिंतीला वास. माझी मुलगी नववीत होती, क्लासवरून साडेआठला यायची. ती गल्ली सोडून मेन रोडने वळसा घालून यायला लागली होती. मला हे दोन महिन्यांनी कळलं, तेही तिच्या मैत्रिणीकडून. पोलिसांना फोन केला की गाडी यायची, पोरं पांगायची, अर्ध्या तासाने पुन्हा तिथेच.

चालू दुकान बंद करायचा रस्ता कायद्यात आहे. 2008च्या सरकारी आदेशानुसार 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर गुप्त मतदान घेतलं जातं, चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. गावात बायकांनी असं करून दुकानं बंद पाडलीत, मला त्यांचा फार अभिमान वाटतो. पण शहरात हे मतदान वॉर्डाचं. तुमच्या गल्लीतला त्रास चार सेक्टर पलीकडच्या बाईला दिसत नाही, तिची सही कशी आणणार? आम्ही तीन रविवार फिरलो आणि थकलो. म्हणून म्हणते, परवाना निघायची वाट बघू नका.

आता "गाळा त्याचा" याबद्दल. गाळा त्याचाच आहे, पण दारू विकणं हा त्याचा मूलभूत हक्क नाही. खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलंय. शिवाय मार्च 2025मध्ये तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं की सोसायटीच्या आवारातल्या व्यावसायिक गाळ्यात बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीची एनओसी बंधनकारक. त्याने तुमच्याकडे एनओसी मागितली आहे ती उगाच नाही.

पण ही एनओसी कमिटीच्या चार सह्यांवर द्यायची किंवा नाकारायची गोष्ट नाही. विशेष सर्वसाधारण सभा घ्या. कमिटी टाळत असेल तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी करा, मग सभा लावावीच लागते. कोरम दोन तृतीयांश किंवा 20, यातला जो आकडा कमी तो. दुकानदारही सभासद असेल, तर त्यालाही नोटीस द्या आणि पूर्ण बोलू द्या. ठराव मिनिट बुकात नीट लिहा: बाजूने किती, विरोधात किती. त्याची प्रत आणि सह्यांचा अर्ज राज्य उत्पादन शुल्काच्या ठाणे जिल्ह्याच्या अधीक्षकांकडे, एक जिल्हाधिकाऱ्यांकडे, एक पोलीस ठाण्यात. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोहोच घ्या. पोहोच नसेल तर पुढे कुणीही म्हणू शकतं की तुमची हरकत आलीच नाही.

अर्जात "दारू वाईट, संस्कृती बिघडते" असं लिहू नका. ते तुमच्या मनात असेल, माझ्याही आहे, पण त्यावर साहेब काही करू शकत नाहीत. जागेचं लिहा. दुकानाचं दार आणि जिन्याचं दार यात किती फूट? स्कूलव्हॅन कुठे थांबते? गल्लीतला दिवा चालू आहे का? फोटो लावा, संध्याकाळचे. जवळ शाळा किंवा देऊळ असेल तर अंतर स्वतः मोजून ठेवा. ते नकाशावर सरळ रेषेत धरत नाहीत, माणूस ज्या वाटेने पायी जातो त्या वाटेने, दाराच्या मध्यापासून गेटच्या मध्यापर्यंत. आमच्याकडे इन्स्पेक्टर आले तेव्हा टेपचं एक टोक मी स्वतः बालवाडीच्या गेटशी धरलं होतं.

दोन गैरसमज सभेत हमखास निघतील. एक म्हणेल, "सरकारनेच किराणा दुकानात वाईन आणली." जानेवारी 2022चा तो निर्णय फक्त वाईनसाठी आणि 1000 चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटसाठी होता, आणि विरोध झाल्यावर तो पुढे सरकला नाही. दुसरा म्हणेल, "हायवेपासून 500 मीटरचा नियम लावा." महापालिका हद्दीतल्या दुकानांना तो नियम लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017मध्येच स्पष्ट केलंय. त्यावर वेळ घालवू नका.

दुसऱ्या वेळी अर्ज आमच्याच बिल्डिंगखालच्या किराणावाल्या भाऊंनी केला होता. मी आधी त्यांच्याकडे गेले. त्यांनी गल्ल्यातून उधारीची वही काढून समोर ठेवली. "ताई, वाचा. रोख घेणारे मोबाईलवरून मागवतात, उधारीवाले माझ्याकडे येतात." वहीत माझ्या शेजारणीचं नाव होतं, दोन महिन्यांचं बिल बाकी. मला काही बोलता येईना. त्यांची अडचण खरी होती आणि सभेत मी ती आधी सांगितली. मग कांदा-बटाटा मार्केटमध्ये गोणी उचलणाऱ्या एका माथाडी कामगाराची बायको उभी राहिली. म्हणाली, "माझ्या माणसाला दारू सोडून दोन वर्षं झाली. रोज याच दारातून वर येतो. त्याला तेवढं दार मोकळं ठेवा." पुढे कुणी भाषण केलं नाही. हात वर झाले, ठराव झाला. भाऊंनी महिन्याभरात अर्ज मागे घेतला.

ते माझ्याशी पुढचे सहा महिने बोलले नाहीत. अजूनही कधी म्हणतात, "ताई, तुम्ही माझं नुकसान केलंत." झालंच आहे, मी नाही म्हणत नाही. तेव्हापासून आमच्या जिन्यातली बरीच घरं महिन्याचं सामान त्यांच्याकडूनच भरतात, रोखीने.

तुम्ही आधी दुकानदाराला भेटा, या रविवारीच. आणि एक पंचमांश सह्यांचा कागद त्याच दिवशी फिरवायला घ्या. अर्जाचा मसुदा हवा असेल तर सांगा, आमचा जुना आहे, त्यातली नावं काढून देते.