शिकारी जातीच्या कुत्र्याला पक्ष्यांची आणि बंदुकीच्या आवाजाची ओळख कशी करून द्यावी?

तुमचा नऊ महिन्यांचा लॅब्राडोर आहे, त्याचा मूळ गुण वाया जाऊ नये असं तुम्हाला वाटतं, आणि मामा म्हणतात की लग्नाच्या वरातीत फायरिंग होतं तिथे नेऊन उभा करा, आपोआप धीट होईल. मामांचा मान राखून सांगतो, हे एवढं करू नका. आमच्या ग्वाल्हेर-चंबळकडे बारा बोअरची बंदूक काढल्याशिवाय काही लोकांना लग्न लागल्यासारखं वाटत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात अशा हर्ष फायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, तरी सवय जात नाही. त्या गोंगाटात बँड, डीजे, अनोळखी माणसं, फटाके हे सगळं एकदम अंगावर येतं. तिथे बुजलेला कुत्रा पुढे ढोलाला, दुचाकीच्या सायलेन्सरला, कधी कधी नुसत्या शेरवानीवाल्या माणसालाही बुजतो.

आधी कायद्याचं, कारण बरेच जण इथेच चुकतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. पाठलाग करणं, हाकून काढणं, पकडणं, पक्ष्यांची घरटी आणि अंडी विस्कटणं हेही त्यात येतं. म्हणजे तिघरा धरणाच्या काठी पट्टा सोडून तुमचा कुत्रा तितरामागे पळवलात, तर ‘मारलं कुठे?’ हा बचाव होत नाही. बाजारातून कबुतर आणून पंख बांधून त्याच्यापुढे सोडायचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईलच. करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून कोंडणं किंवा बांधणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिवाय लॅब्राडोरसाठी ते निरुपयोगीच. त्याचं काम पक्षी मारण्याचं कधी नव्हतंच. पडलेला पक्षी अलगद तोंडात धरून मालकाच्या हातात देणं, हे त्याचं काम. ते सगळं डमीवर, म्हणजे पक्ष्याऐवजी फेकायच्या कापडी पिशवीवर, शिकवता येतं. इंग्लंडमध्ये या जातींच्या कितीतरी चाचण्या निव्वळ डमीवर होतात.

डमी घरी करा. जाड कॅनव्हासची हातभर पिशवी शिवून आत चिंध्या भरा. आठवडाभर तो ती आनंदाने उचलून आणू लागला की चिकनवाल्याकडून कोंबडीची किंवा बदकाची मोठी पिसं आणा, साबणाने धुवून कडक उन्हात वाळवा आणि पिशवीभोवती दोऱ्याने गुंडाळा. कच्चा पंख नको, त्याला रक्त-मांस चिकटलेलं असतं. पहिल्यांदा पिसं तोंडात आली की काही कुत्रे थुंकून टाकतात, काही चघळत बसतात. थुंकला तर पिसं कमी करा. चघळत बसला तर अरुंद बोळात फेका, म्हणजे परतायला एकच वाट राहील, आणि आणल्याबरोबर खाऊ देऊन डमी सोडवून घ्या. ओढाताण मात्र अजिबात खेळू नका. दात घट्ट रोवायची सवय एकदा लागली की अलगद तोंड परत येत नाही.

जिवंत पक्षी? लांब पट्ट्यावर ठेवून पारवे, बगळे दुरून दाखवा. तो बघतो आणि मग तुमच्याकडे वळतो, त्या क्षणी खाऊ. एवढंच पुरे.

आता आवाज. यात क्रम महत्त्वाचा आहे: पक्षी आधी, बंदूक नंतर. डमीमागे पळताना कुत्र्याचं सगळं चित्त पुढे असतं, तेव्हा दूरवर झालेला ‘ठप्’ त्याच्या लेखी खेळाचाच भाग होतो. पुढे पुढे तो आवाज ऐकला की आकाशाकडे बघू लागतो, कारण आवाजानंतर काहीतरी पडतं हे त्याला ठाऊक झालेलं असतं. उलट, बसलेल्या, कंटाळलेल्या कुत्र्याजवळ बार उडवला तर त्या आवाजाला काहीच अर्थ नसतो, उरते नुसती भीती.

ग्वाल्हेरकर यावर म्हणतात, ‘आमचा कुत्रा महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरची लढाऊ विमानं ऐकत मोठा झालाय, त्याला काय होणार?’ विमानाची घरघर चढत येते, कान तयार होतो. बार मात्र सूचना न देता फुटतो. दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

मुरारला आमच्या शेजारी सीमा सुरक्षा दलातले एक निवृत्त श्वान हँडलर राहायचे. टेकनपूरला १९७० पासून दलाचं राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे असे लोक आमच्याकडे भेटतात. मी पद्धत त्यांच्याकडून उचलली. मदतनीस दीडदोनशे मीटरवर, कुत्र्याच्या पुढच्या बाजूला, दिसेल असा उभा. तुम्ही डमी फेकायची, कुत्रा निम्म्या वाटेवर असताना मदतनीसाने दोन फळ्या एकमेकींवर आपटायच्या. एका फेकीला एकच आवाज, आणि दोनतीन फेकींनंतर घरी. कान क्षणभर हलले आणि तो पळत राहिला तर ठीक. थबकला, शेपटी खाली गेली, ओठ चाटू लागला, खाऊ नाकारला, तर अंतर दुप्पट करा. अंतर रोज कमीच करत नेऊ नका. मधूनच वाढवा, म्हणजे दर वेळी आणखी वाईट होणार असं त्याला वाटणार नाही. फळ्यांनंतर मुलांचं टिकल्यांचं पिस्तूल, तेही लांबून.

जागा मोकळी निवडा. किल्ल्याच्या कड्याखाली किंवा दौलतगंजच्या गल्ल्यांत नको. तिथे आवाज आपटून परत येतो आणि कुत्र्याला दिशाच कळत नाही. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग घरात हळू आवाजात लावायला बरं, पण छातीत बसणारा धक्का त्यात नसतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका. खरा बार ऐकवायचाच असेल तर परवाना असलेल्या शूटिंग रेंजच्या बाहेर, बऱ्याच अंतरावर, त्याला चालतं ठेवून ऐकवा. बारा बोअरचा आवाज जवळून १५० डेसिबलच्या पुढे जातो, फटाक्यांना चार मीटरवर १२५ ची मर्यादा आहे. जवळचा एक बारही कानाला कायमची इजा करू शकतो.

तो आधीच बुजलेला असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि पशुवैद्याला दाखवा. दिवाळीत सर्रास दिलं जाणारं एसप्रोमाझिन हे गुंगीचं औषध नुसतंच देऊ नका: शरीर ढिलं पडतं, भीती तशीच राहते, फक्त त्याला पळता येत नाही. भीती कमी करणारी वेगळी औषधं असतात, ती मागा.

देवउठनी (कार्तिकी) एकादशीनंतर आमच्याकडे लग्नं सुरू होतात. त्याआधी दोनतीन महिने हाताशी ठेवून सुरुवात करा, आणि वरात गल्लीतून जायची असेल त्या संध्याकाळी त्याला लवकर फिरवून आणून आतल्या खोलीत, पंखा चालू ठेवून, चघळायला काहीतरी देऊन बसवा. मामांना वरातीत जाऊ द्या.